सहा एकर कुसळीचा माळ आहे, मटणासाठी कोणती जात घ्यावी?

माळावरचा

नमस्कार मंडळी,

गाव आटपाडी तालुक्यात. घरची जमीन साडेसात एकर. त्यातली दीड एकर विहिरीखाली आहे, तिथं वडील ज्वारी, मका आणि घरापुरती भाजी करतात. उरलेली सहा एकर म्हणजे नुसता मुरमाड माळ. टेंभूचं पाणी तालुक्यात आलं, आमच्या खालच्या अंगाला डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या, पण माळ उंचावर असल्यानं तिथं पाणी चढत नाही. पावसाळ्यात मात्र गुडघाभर गवत होतं. निम्म्याहून जास्त कुसळी, तालींच्या कडेनं पवना आणि मारवेल. बाभळी आहेत सात-आठ, दोन बोरी आणि एक हिवर. गवत दरवर्षी वाळून जातं, नाहीतर उन्हाळ्यात कुणीतरी काडी लावतं. एवढी जमीन अशी पडून राहते याचं मला फार वाईट वाटतं.

मी सध्या चाकणला कंपनीत आहे. पुढच्या मृगाच्या आत बायको-मुलासह गावी परत यायचं ठरलं आहे. गवतावर पोसलेल्या अँगस, हेरफोर्ड गुरांचे परदेशातले व्हिडिओ खूप पाहिले. तिथले लोक सगळ्यात आधी विचारतात, "माझ्या गवताला कोणती जात?" आपल्याकडे २०१५ पासून बैल-वळूंचीही कत्तल बंद आहे, त्यामुळे मटणासाठी गोवंश हा विषयच उरत नाही. रेडकांना आमचा माळ मानवणार नाही. मग राहिल्या शेळ्या-मेंढ्या.

मेहुणे म्हणतात बोअर शेळीचा क्रॉस घे आणि शेड बांधून बंदिस्त कर. मित्र म्हणतो सिरोही शेळी. गावात ज्याच्या-त्याच्या तोंडी माडग्याळ मेंढी. वडील काहीच बोलत नाहीत. मला विकतचं खाद्य ओतून जनावर फुगवायचं नाही. माळाच्या गवताचं मटण व्हावं, एवढीच इच्छा आहे. जनावरांसाठी दोन लाखांपर्यंत घालू शकतो. चारायला मी आणि वडील. पाऊस वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आतच, आणि एखादं वर्ष कोरडंच जातं.

जाणकारांनी सांगावं.

---

तेरणाकाठ

दादा, फार शोधू नका. उस्मानाबादी घ्या.

आमच्याकडे तीन पिढ्या हीच शेळी आहे. काळी, मध्यम बांध्याची, थोराड शेळी ३० किलोच्या आसपास. बोअर, जमनापारीसमोर ठेवली तर बारीक दिसेल, पण दुष्काळात टिकून कोण राहतं ते बघा. गाभण काळ पाच महिन्यांचा, नीट सांभाळली तर दोन वर्षांत तीन वेत, आणि बऱ्याच शेळ्यांना जुळं. घरात चहापुरतं दूध होतं. बकरी ईदच्या आधी दोन दाती, अंगानं निर्दोष, काळाभोर बोकड दावणीला असला की व्यापारी घरी येतो, बाजार दाखवावा लागत नाही.

तुमच्या माळावर बाभळी आहेत, बोरी आहेत. उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा म्हणजे फुकटचा खुराक. राज्याच्या शेळी-मेंढी महामंडळाचं प्रक्षेत्र तुळजापूरजवळ तीर्थला आहे, तिथं चौकशी करा. आणि आमच्या भागातून घेणार असाल तर व्यापाऱ्याच्या गाडीतून घेऊ नका, घरच्या दावणीवरून घ्या. गाडीत चार बाजारांचे रोग एकत्र येतात.

---

कर्लीकाठ

मी कुडाळचा. आमच्याकडे कोकण कन्याळ, दापोलीच्या कृषी विद्यापीठानं पुढे आणलेली. तिचं नाव घेतोय ते तुम्ही घ्यावी म्हणून नाही, घेऊ नये म्हणून. ती डोंगरउताराची, झुडपाची आणि तीन-तीन हजार मिलिमीटर पावसाची शेळी. तुमच्या माळावर तिला काय करायचं? उलट घाटावरची मेंढरं आमच्या पावसात टिकत नाहीत. तुमच्याकडचे धनगर दिवाळीनंतर घाट उतरतात, आमच्या भातखाचरांत मेंढरं बसवतात आणि पावसाच्या आत वर जातात. पिढ्यान् पिढ्या त्यांनी हे वेळापत्रक चुकवलेलं नाही. कोणतं जनावर कुठं जगतं हे त्यांना कुणी शिकवावं लागलं नाही. म्हणून माझं एकच म्हणणं: तुमच्या पंचक्रोशीबाहेरची जात आणू नका.

---

वाघूर

माळावरचे, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं. पडीक माळ पाहून वाईट वाटणारा माणूस आता विरळा. म्हणून सविस्तर लिहितो.

मी म्हसवडकडचा, जन्म वाड्यावरचा, म्हणजे धनगराच्या कळपाच्या मुक्कामावरचा. आजोबांचा वाडा दिवाळी झाली की खाली जायचा आणि वळवाच्या आधी माघारी यायचा. वडिलांनी भटकंती थांबवली, आता आमची मेंढरं माणदेशातच आमच्या आणि भावकीच्या माळांवर चरतात. तुमचा माळ मी पाहिलेला नाही, पण तुम्ही लिहिलेलं गवत आणि पाऊस हा आमचाच आहे.

तेरणाकाठ यांनी उस्मानाबादीचे जे गुण सांगितले ते सगळे खरे आहेत. मराठवाड्यात मी असतो तर मीही तीच पाळली असती. पण शेळी गवताची नव्हे. ती मान वर करून खाते: पाला, शेंडा, शेंग, काटेरी झुडूप. तिला सहा एकर कुसळीत सोडलीत तर ती दोन बोरी आणि हिवर सोलून काढेल आणि मग तुमच्या शेजाऱ्याच्या डाळिंबाकडे बघेल. तुम्ही डाळिंबाच्या बागांचा उल्लेख केलात तिथंच माझं मन ठरलं. एका शेळीनं एका रात्रीत बागेचा शेंडा खाल्ला तर ते भांडण दोन पिढ्या चालतं, मी बघितलेलं आहे. मेंढी मान खाली घालून चरते, घोळक्यानं राहते, गवत मुळापर्यंत खाते. तुमच्याकडे सहा एकर गवत आणि दहा-अकरा झाडं आहेत. तुमचं जनावर मेंढीच. शेळ्या फार तर दोन, घरच्या दुधापुरत्या, दाव्याला बांधून.

आता जातीचं.

लोक जनावराचं वजन विचारतात. मी एकराचं वजन विचारतो. म्हणजे वर्षाअखेरीला एका एकरातून किती किलो कोकरू बाजारात गेलं? तुमच्या माळासाठी हिशोब करून बघू. असला मुरमाड माळ बऱ्या पावसात एकरी टनभर वाळलेलं गवत देईल असं धरा. त्यातलं निम्मं मेंढीच्या पोटात जाऊ द्यायचं, निम्मं माळावर राहू द्यायचं, नाहीतर चार वर्षांत माळ उघडा पडतो आणि पवना-मारवेल जाऊन नुसती कुसळी राहते. म्हणजे एकरी ५०० किलो, सहा एकरांत ३,००० किलो. मेंढी रोज आपल्या वजनाच्या साडेतीन टक्के कोरडा चारा खाते. आमची दख्खनी मेंढी २८ किलोची, तिला रोज एक किलो, वर्षाला ३६५. तुमच्या गवतावर अशा आठ मेंढ्या बसतात. माडग्याळ मेंढी ४०-४२ किलोची, तिला रोज दीड किलोच्या आसपास, वर्षाला साधारण ५३५. अशा जेमतेम साडेपाच.

आता कोकरं. माझ्या कळपात दख्खनी मेंढीला माडग्याळ नर लावला की पाच महिन्यांचं कोकरू १८ ते २० किलोवर जातं. शुद्ध माडग्याळचं २२ ते २५. आठ गुणिले १९ आणि साडेपाच गुणिले २४ करून बघा: १५२ आणि १३२. वर खरेदीचा पैसा. चांगल्या माडग्याळ मेंढीच्या एका किमतीत आमच्याकडच्या दोन दख्खनी येतात. आणि लांडग्यानं एक उचलली, तर आठातली एक जाणं आणि पाचातली एक जाणं यात फार फरक आहे.

याचा अर्थ माडग्याळ नाजूक असा काढू नका. जत तालुक्यातलं माडग्याळ हे गाव तुमच्यापासून लांब नाही, तिथला दुष्काळ तुमच्यापेक्षा कमी नाही. उंच पाय, लांब चाल, अंगावर लोकर कमी, कोकरू झपाट्यानं वाढतं. आमच्या धनगरांनी लोकरीला भाव उरला नाही तेव्हा विचार करूनच माडग्याळचे नर वाड्यात घेतले. पण अलीकडे या जातीचे दोन बाजार झालेत. एक मटणाचा, दुसरा राघूसारख्या बाकदार नाकाच्या हौशी जनावरांचा. डिसेंबर २०२० मध्ये आटपाडीच्या बाजारातल्या एका माडग्याळ नराला ७० लाखांना मागणी आल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती. तसलं जनावर सांभाळणं हा वेगळा छंद आणि वेगळा धंदा, त्याबद्दल मला आदर आहे. पण त्याच्या भावानं मेंढ्या घेऊन कोकरं मात्र किलोवर विकायची, हे गणित कुणालाच जमत नाही.

म्हणून माझं म्हणणं: मेंढ्या दख्खनी, नर माडग्याळ. आई लहान, काटक, कमी खाणारी, बाप मोठा. गवताच्या कमाईवर आईचं पोट वर्षभर भरायचं असतं, बापाचा अंश फक्त विकायच्या कोकरात हवा. तुमच्या व्हिडिओतल्या लोकांतही हाच वाद चालतो: हलक्या कुरणावर गाय लहान चणीची ठेवावी आणि वळू जरा भारी लावावा, असं म्हणणारे तिकडेही पुष्कळ आहेत. एक काळजी घ्या. पहिलटकर मेंढीला फार भारी नर लावू नका, कोकरू अडतं. पहिलं वेत दख्खनी नराचं होऊ द्या.

जुळ्यांची हौस असेल तर फलटणला निंबकर कृषी संशोधन संस्था आहे, तिला सगळे नारी म्हणतात. बंगालच्या सुंदरबनातल्या गरोळ मेंढीतला जुळ्याचा जनुक त्यांनी दख्खनीत आणला आणि नारी सुवर्णा तयार केली. डॉ. चंदा निंबकर यांचं त्यातलं काम मोठं आहे. बोअर शेळीचं रक्तही या भागात त्यांनीच १९९० च्या दशकात आणलं. सुवर्णा चांगलीच आहे, पण जुळं पाजायला आईला दूध लागतं आणि दुधाला चारा लागतो. पहिली दोन वर्षं एकेक कोकरू नीट जगवा. विहिरीखाली अर्धा एकर लसूणघासाखाली आला की मग सुवर्णाचा नर आणा.

कुसळीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या माळावर जातीपेक्षा मोठा प्रश्न तोच आहे. कोवळी कुसळी मेंढी आवडीनं खाते. गणपतीच्या सुमाराला तिला तुरे येतात आणि नंतर ते काळे, पिळदार कुसळ लोकरीत शिरतं, तिथून कातड्यात. डोळ्यात जातं, हिरड्यांत रुततं, मेंढी चरणं सोडते. ज्या मेंढीला दाट लोकर तिला जास्त त्रास, हा दख्खनीचा तोटा मी लपवणार नाही. उपाय वेळेचा आहे. माळाचे चार तुकडे पाडा. जूनअखेर ते ऑगस्ट कुसळीचे तुकडे चारून खाली आणा. जो तुकडा हाताबाहेर चाललाय तो तुरा यायच्या आत कापून वाळवा, ते गवत तुमचं माघ-फाल्गुनाचं पोट. पवना-मारवेलचा तुकडा दिवाळीपर्यंत राखा, बी पडू द्या, मग चारा. आणि लोकर भाद्रपदाच्या आधी कातरून घ्या. पहिल्या पावसात ताली धरून स्टायलो (शेंगवर्गीय चारा) आणि मारवेल टाकत जा. तीन पावसाळ्यांत माळ ओळखू येणार नाही.

काडी लावणाऱ्याला आवरा. जळालेल्या माळावर पुढच्या वर्षी कुसळीच सगळ्यात आधी डोकं काढते.

खरेदी दिवाळीत करू नका. दिवाळीत प्रत्येक मेंढी गुटगुटीत दिसते. वैशाखात करा, वळीव पडायच्या आत. ज्या वाड्यात सगळ्या मेंढ्या हाडावर आल्यात त्याच वाड्यात एखादी अंगानं धरून राहिलेली असते, तीच तुमची. दात बघा: दोन दाती किंवा चार दाती घ्या, आठ दाती कितीही स्वस्त मिळाली तरी सोडा. कास हातानं दाबून बघा, गाठ लागली की पुढे चला. खूर बघा. आणि शक्य तेवढ्या एकाच वाड्यातून घ्या, म्हणजे त्या एकमेकींना धरून राहतात आणि तुमच्यासारख्या नव्या माणसाला वळायला सोप्या जातात.

बंदिस्तबद्दल मेहुण्यांना माझा नमस्कार सांगा. त्यांचा धंदा चालू शकेल, पण तो खाद्याचा धंदा. तुम्ही गवताचा विचारलात.

---

माळावरचा

वाघूर तात्या, तुमचं उत्तर वडिलांना वाचून दाखवलं. ते इतके दिवस गप्प होते. "निम्मं माळावर राहू द्यायचं" हे ऐकल्यावर म्हणाले, "हे बरोबर बोलला माणूस." मला एवढंच पुरे आहे. तेरणाकाठ दादा, राग नसावा, दोन उस्मानाबादी दाव्याला नक्की बांधणार.

तीन शंका आहेत. आठ मेंढ्यांत संसार चालणार नाही हे दिसतंय, मग वाढवायचं कसं? एवढ्याशा कळपासाठी नर घ्यायचा का? आणि लांडग्याचं काय, आमच्या बाजूला ओढ्यात दिसतो.

---

दावण आणि दवा

मी पशुवैद्यक आहे, सांगली-सोलापूरच्या सीमेवर नोकरी केली. वाघूर यांच्या निवडीशी सहमत आहे. आजारांचं थोडं सांगतो, कारण नव्या माणसाचा कळप जातीमुळे कमी आणि पहिल्या पावसामुळे जास्त मरतो.

पहिल्या पावसानंतर कोवळं लुसलुशीत गवत मेंढ्या अधाशासारख्या खातात आणि आंत्रविषार होतो. संध्याकाळी चांगली दिसणारी मेंढी सकाळी मेलेली सापडते. लस मे महिन्यातच द्या आणि पहिल्यांदाच देत असाल तर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा. पीपीआर या साथीच्या रोगाची लस एकदा दिली की साधारण तीन वर्षं पुरते. लाळ्या-खुरकूत आणि देवीच्या लसी सरकारी दवाखान्यातून वेळापत्रकाप्रमाणे घ्या. पाऊस उघडताना चिलटं वाढली की नीलजिव्हा येतो: तोंड सुजतं, ओठ लाल-निळे, मेंढी लंगडते. हा रोग शेळीपेक्षा मेंढीला फार छळतो, हे मेंढी निवडताना माहीत असू द्या. जंताचं औषध पावसाच्या आधी एकदा आणि नंतर एकदा, पण दरवेळी तेच औषध डोळे झाकून पाजू नका, लेंडी तपासून घ्या.

आणखी एक गोष्ट दुकानदार सहसा सांगत नाहीत. गाई-म्हशींचं खनिज मिश्रण मेंढ्यांना घालू नका. त्यात तांबं असतं. मेंढीच्या यकृतात तांबं साठत जातं आणि एक दिवस ती अचानक पिवळी पडून, लाल लघवी करून जाते. मेंढ्यांचं वेगळं मिश्रण मागा.

नवी खरेदी आणली की तीन आठवडे वेगळी ठेवा, एकाच वाड्यातून आणली असली तरी.

---

तेरणाकाठ

राग कसला! गवत आणि पाला हा मुद्दा मला पटला. आमच्या बांधांवर शेवरी, सुबाभूळ, हादगा आहे म्हणून आमची शेळी सुखी आहे. दाव्याला बांधणार असाल तर विहिरीच्या पाटाला शेवरी लावा. सुबाभूळ लावलीत तर एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त घालू नका.

---

वाघूर

डॉक्टरसाहेबांनी तांब्याचं लिहिलं ते फार बरं केलं. आमच्या बाजूला गुरांचं मिश्रण सर्रास घालतात.

वाढवायचं कसं? आठ हा आकडा फक्त तुमच्या माळाच्या गवताचा. कोरड्या वर्षी तोही निम्म्यावर येतो, तेव्हा म्हाताऱ्या मेंढ्या श्रावण संपायच्या आतच विकून मोकळं व्हायचं, चारा संपायची वाट बघायची नाही. बऱ्या वर्षी मात्र मेंढी माळाबाहेरही चरते. ज्वारी निघालेली रानं, मका काढलेली, हरभऱ्याची, सगळीकडे शेतकरी मेंढरं बसवून घ्यायला तयार असतो, कारण त्याला लेंडी आणि मूत हवं असतं. पूर्वी आम्हाला त्याचं धान्य मिळायचं, आता रात्रीमागे पैसेही मिळतात. वाघूर, म्हणजे जाळी, घेऊन ठेवा. डाळिंबवाल्या शेजाऱ्यांशी आधीच बोला. बाग नको, पण बागेशेजारचं मोकळं रान द्या म्हणा. खत त्यांना हवंच आहे. भुईमुगाचा पाला, तुरीचं भुसकट, हरभऱ्याचा भुस्सा सुगीतच गोळा करा, उन्हाळ्यात ते विकत घ्यायला परवडत नाही. असं केलंत तर पंधरा-अठरा मेंढ्या सांभाळता येतात. पंचविसाच्या वर जायचं असेल तर घरातलं एक माणूस पूर्ण वेळ कळपामागे हवं. गावी परतल्यावर बायकोशी बसून हे आधी ठरवा, कारण वाडा घरातल्या बाईवरच चालतो: आजारी कोकरू तीच ओळखते, रात्री तीच उठते. माझ्या आईला कळपातली प्रत्येक मेंढी आवाजावरून कळायची.

तुम्ही भटक्या जमाती-क मध्ये असाल तर राजे यशवंतराव होळकर महामेष योजनेची चौकशी करा. २० मेंढ्या आणि एक नर, ७५ टक्के अनुदान. नसाल तर पंचायत समितीत पशुसंवर्धनाच्या दुसऱ्या योजना विचारा. पण अनुदानाच्या भरवशावर खरेदीचा महिना पुढे ढकलू नका.

लांडगा. पिंजऱ्यासारखी जाळी रात्री पुरते, दिवसा माणूस आणि दोन चांगली कुत्री लागतात. कुत्र्याचं पिल्लू कोकरांतच वाढवा, ती त्याची भावंडं होतात. लांडग्याला विष घालू नका. तो कायद्यानं संरक्षित आहे, आणि आमच्या माळांवर तो आमच्याइतकाच जुना आहे. कळपातली एक जाते हे धनगर धरूनच चालतो. ओढ्याकडच्या बाजूला दुपारी मेंढ्या बसवू नका, उघड्यावर बसवा, म्हणजे लांबून दिसतं.

नराचं. एक नर पंचवीस-तीस मेंढ्यांना पुरतो, त्यामुळे आठ-दहांसाठी विकत घेणं महाग पडतं. पहिल्या वर्षी शेजारच्या वाड्यातून मागून घ्या, बदल्यात एक कोकरू ठरवा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. आषाढात नर सोडला तर मार्गशीर्षात कोकरं पडतात, तेव्हा माळावर अजून चारा असतो आणि थंडीत आडोसा दिला की कोकरं जगतात. पुढे कळप पंधरावर गेला की स्वतःचा घ्या. महामंडळाचं प्रक्षेत्र तुम्हाला दहिवडीला जवळ, नाहीतर कवठेमहांकाळजवळ रांजणीला. तिथं पैदाशीचे नर कधी निघतात ते फोन करून विचारा, गर्दी असते. बाजारातून घ्यायचा तर आटपाडीचा शनिवारचा बाजार आहेच, पण तिथं नराचं नाक बघणाऱ्यांच्या घोळक्यात उभे राहू नका. पाठ बघा, छाती बघा, अंडकोष दोन्ही सारखे आणि घट्ट आहेत का ते हात लावून बघा, दहा पावलं चालवून बघा. त्याच्या आईनं किती कोकरं वाढवली हे मालकाला विचारा. मालक खरा असेल तर आईच दाखवायला घेऊन जाईल.

दर दोन वर्षांनी नर बदला, घरचाच नर घरच्या पाटींवर, म्हणजे तरण्या माद्यांवर, ठेवू नका. आणि चांगल्या माद्या विकू नका. पहिली पाच वर्षं फक्त नर कोकरं बाजारात जाऊ द्या. वैशाखात खरेदीला निघालात की इथं कळवा. मी म्हसवडच्या बाजूचे दोन-तीन वाडे सांगतो, तिथल्या मेंढ्या तुमच्या वडिलांना घेऊन बघायला जा. निवड त्यांना करू द्या.